इंग्लिश ब्राऊन एल घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राऊन एल म्हणजे नक्की कोणती बिअर?

तपकिरी रंगाची, माल्टच्या (मोड आणून सुकवलेल्या जवाच्या) चवीवर उभी असलेली, बेताच्या कडवटपणाची इंग्लिश बिअर. अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्के. ग्लास नाकाशी नेला की खरपूस भाजलेल्या पावाचा, टॉफीचा आणि थोडा सुक्या मेव्याचा वास यायला हवा. जळक्या कॉफीचा वास आला तर तुमची बिअर पोर्टरच्या, म्हणजे अधिक गडद आणि भाजक्या बिअरच्या, वाटेला लागली आहे. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) असतात ते माल्टचा गोडवा तोलण्यापुरते. मिरवायचा मान त्यांचा नाही.

ब्राऊन एलची दोन घराणी आहेत. लंडनच्या 'मान्स ब्राऊन एल'ची सुरुवात १९०२ ची. ती गोड, मऊ आणि जेमतेम २.८ टक्क्यांची. उत्तरेकडची 'न्यूकॅसल ब्राऊन एल' १९२७ मध्ये आली. ती अधिक कोरडी आणि कडक, ४.७ टक्क्यांची. यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या सॅम्युएल स्मिथ कंपनीची 'नट ब्राऊन एल' उत्तरेच्याच घराण्यातली, पण अंगानं जरा भरलेली. खालची सगळी उत्तरं या उत्तरेकडच्या प्रकाराची आहेत. लंडनचा गोडवा टिकवायला बाटलीतलं यीस्ट मारावं लागतं, नाहीतर उरलेली साखर ते खात राहतं. घरच्या सामानात ते जमवणं त्रासाचं असतं.

न्यूकॅसलची हुबेहूब नक्कल करता येईल का?

येईल, पण माझं मत विचाराल तर त्या नादी लागू नये. मुळात ती एकाच घाण्याची बिअर नव्हती. एक कडक गडद बिअर आणि एक हलकी एल वेगवेगळ्या बनवून त्यांचं मिश्रण केलं जायचं आणि रंगासाठी कॅरॅमलही घातलं जायचं. म्हणजे वीस लिटरसाठी दोनदा चूल पेटवायची आणि शेवटी रंग बाहेरून आणायचा.

तिचा इतिहास मात्र गमतीचा आहे. २००० मध्ये युरोपियन संघानं तिला भौगोलिक संरक्षण दिलं: या नावाची बिअर न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे. मग २००५ मध्ये कंपनीनंच उत्पादन टाइन नदीपलीकडे गेट्सहेडला हलवलं आणि स्वतःच मिळवलेलं संरक्षण स्वतःच अर्ज करून रद्द करून घेतलं. २०१० मध्ये ती टॅडकास्टरला गेली. तेव्हा 'अस्सल' या शब्दाची फार काळजी करू नका, चव जमवा.

घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे का?

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरसाठी परवाना लागत असे. १९६३ मध्ये ती अट गेली. आज तिथे स्वतःच्या घरापुरती बिअर बनवता येते, विकता येत नाही. अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवरची मोकळीक १९७८ च्या कायद्यानं आली. इतर ठिकाणी नियम फार वेगळे आहेत. कुठे परवाना लागतो, कुठे साफ मनाई असते. आपण राहतो तिथला अबकारी कायदा पाहिल्याशिवाय सामानाला हात लावू नका.

किमान सामान काय लागतं?

तीस लिटरचं पातेलं, जाळी किंवा मोठी कापडी पिशवी, झाकणाचा पंचवीस लिटरचा फर्मेंटर (बिअर आंबवायचा डबा), एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन), भरवशाचा थर्मामीटर, बाटल्या आणि बुचं बसवायचं यंत्र. गरम वर्ट (माल्टचं गोड पाणी) झटपट निववायला तांब्याची किंवा स्टीलची कॉइल असली तर उत्तम. पैसे वाचवायचे असतील तर पातेल्यात वाचवा, थर्मामीटरमध्ये नको. दोन अंशांनी खोटं बोलणारा थर्मामीटर सगळ्या रेसिपीची वाट लावतो.

वीस लिटरची एक चांगली रेसिपी द्या.

मॅरिस ऑटर पेल माल्ट: ३.७ किलो
क्रिस्टल माल्ट, मध्यम गडद (१५० ईबीसीच्या आसपास; ईबीसी हे रंगाचं माप): ३०० ग्रॅम
अंबर माल्ट: २०० ग्रॅम
चॉकलेट माल्ट: १२० ग्रॅम
ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल हॉप्स (अल्फा आम्ल, म्हणजे कडवटपणा देणारं द्रव्य, ५ टक्के): ३० ग्रॅम उकळी फुटताच, १५ ग्रॅम शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना
कोरडं इंग्लिश एल यीस्ट: एक पाकीट, ११ ग्रॅमच्या आसपासचं

मॅश (भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवणं) ६७ अंश सेल्सियसवर एक तास, उकळणं एक तास. दाण्यातली सुमारे ७२ टक्के साखर हाती लागली तर सुरुवातीची घनता १.०४६ येते. शेवटची १.०१२ च्या आसपास थांबली की अल्कोहोल साडेचार टक्के. कडवटपणा २२ आयबीयूच्या जवळ. हॉप्सच्या पाकिटावर अल्फा आम्ल ५ ऐवजी ६ टक्के लिहिलं असेल तर ३० ग्रॅमचे २५ करा.

मॅरिस ऑटरच का? दुसरा पेल माल्ट चालणार नाही का?

चालेल. मॅरिस ऑटर ही केंब्रिजजवळ ट्रम्पिंग्टनच्या संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात तयार झालेली जवाची जात. तिच्या माल्टला बिस्किटासारखी भरीव चव असते आणि ब्राऊन एलमध्ये ती खालून आधार देते. साधा पिल्सनर माल्ट वापरलात तर बिअर बिघडणार नाही, पण जरा पोकळ लागेल. तसं झालं तर अंबर माल्ट आणखी १०० ग्रॅम वाढवा.

चॉकलेट माल्ट थोडा जास्त घातला तर रंग आणखी छान येईल ना?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि घरच्या ब्राऊन एल सगळ्यात जास्त इथेच फसतात.

चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं. हा कडक भाजलेला जव. त्याचा रंग १००० ईबीसीच्या आसपास, म्हणजे पेल माल्टच्या शेकडो पटींनी गडद. वरच्या रेसिपीत तो वजनानं तीन टक्केही नाही, तरी अर्ध्याहून जास्त रंग त्याचाच असतो. १२० ग्रॅमचे २५० केलेत तर रंग काळपट होतो. त्याहून वाईट म्हणजे भाजकेपणा पुढे येतो, टॉफी आणि बिस्किट मागे जातात आणि शेवटच्या घोटाला जिभेवर राखेसारखा कोरडेपणा राहतो. एवढ्या कमी हॉप्सच्या बिअरमध्ये तो लपायला जागाच नसते.

उजेडाकडे धरल्यावर ग्लासच्या कडेला लालसर झाक दिसली की रंग बरोबर आहे. अपारदर्शक झाली तर माल्ट जास्त झाला. रंग कमीच वाटला तर पुढच्या वेळी २० ग्रॅमनं वाढवा, मुठीनं नाही.

क्रिस्टलचंही तसंच. त्यातली बरीचशी साखर यीस्टला पचत नाही, म्हणून गोडवा आणि अंग मागे राहतं. ३०० ग्रॅमनं बिअर गोलसर लागते. ६०० ग्रॅमनं ती चिकट होते आणि दुसरा ग्लास नकोसा वाटतो. इंग्लिश पबमधल्या बिअरची खरी कसोटी तर दुसऱ्या ग्लासालाच लागते.

नाव ब्राऊन एल, मग रेसिपीत ब्राऊन माल्ट का नाही?

अठराव्या शतकापर्यंत लंडनच्या गडद बिअर जवळजवळ निव्वळ ब्राऊन माल्टच्या असत. हा माल्ट लाकडाच्या आचेवर सुकवायचा. शतकाच्या शेवटी शेवटी हायड्रोमीटर बिअरच्या भट्ट्यांमध्ये आला आणि लोकांच्या लक्षात आलं की तेवढ्याच पैशात पेल माल्ट कितीतरी जास्त साखर देतो. पुढे १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरनं फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं. मग पेल माल्टमध्ये चिमूटभर काळा माल्ट मिसळून हवा तो रंग मिळू लागला. विसाव्या शतकातली ब्राऊन एल या नव्या पद्धतीची आहे, जुन्या लंडनच्या बिअरशी तिचं नातं दूरचं. आजचा ब्राऊन माल्ट कडक आणि तुरट असतो. हवाच असेल तर अंबरच्या जागी १०० ग्रॅम घालून पाहा.

मॅश म्हणजे नेमकं काय करायचं?

भरडलेला माल्ट गरम पाण्यात तासभर मुरवायचा. तेवढ्यात माल्टमधले एन्झाइम पिष्टाची साखर करतात. ६० ते ६५ अंशांना बीटा अमायलेज जोरात असतं आणि ते यीस्टला सहज पचेल अशी साखर बनवतं. सत्तरीच्या आसपास अल्फा अमायलेजचा वरचष्मा असतो. त्यातून यीस्टला न पचणारे मोठे तुकडेही उरतात आणि बिअरला अंग देतात. ६७ अंश हा ब्राऊन एलसाठी दोघांमधला समझोता.

सव्वाचार-साडेचार किलो भरड्याला १२ लिटर पाणी घ्या. माल्ट २० अंशांचा असेल तर पाणी ७४ अंशांवर आणा. माल्ट पडला की ते ६७ वर उतरतं. माल्ट एकदम ओतू नका. एकानं ओतावा, एकानं मोठ्या पळीनं खालपासून ढवळावं. गोळे राहिले तर आत कोरडा पिष्टाचा भाग तसाच राहतो. ढवळून झालं की तापमान तीन ठिकाणी बघा: मध्ये, कडेला आणि तळाशी. तीन आकडे तीन प्रकारचे आले तर अजून ढवळा. मग झाकण लावून पातेलं जाड गोधडीत गुंडाळा आणि तासभर सोडून द्या. मध्येमध्ये झाकण उघडून बघायची हौस टाळा, दर वेळी उष्णता जाते.

तासाभरानं वर्ट काढून घ्या आणि चोथ्यावर ७५ ते ७७ अंशांचं सोळाएक लिटर पाणी हळूहळू सोडा. एकूण २४ लिटर वर्ट जमला की पुरे. पाणी ८० च्या वर गेलं किंवा चोथा फारच धुतला की सालातला तुरटपणा उतरतो.

एवढा खटाटोप नको असेल तर माल्ट एक्स्ट्रॅक्टनं जमेल?

उत्तम जमेल. हलक्या रंगाची कोरडी माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर २.३ किलो घ्या. क्रिस्टल आणि चॉकलेट माल्ट पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पिशवी काढा, पावडर विरघळवा आणि पुढे नेहमीसारखं उकळा. अंबर माल्ट मात्र वगळावा लागेल. क्रिस्टलमधल्या पिष्टाची साखर दाण्याच्या आतच झालेली असते, म्हणून तो नुसता भिजवला तरी चालतो. अंबरमध्ये पिष्ट शिल्लक असतं आणि त्याला पेल माल्टच्या एन्झाइमची सोबत लागते. 'गडद' एक्स्ट्रॅक्ट घेऊ नका, त्यात कोणता माल्ट किती आहे हे आपल्या हातात राहत नाही.

पाण्याचं काय?

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. राहिलं तर ते माल्टमधल्या फिनॉल्सशी जुळून दवाखान्यासारखा वास देतं आणि तो नंतर कशानंही जात नाही. पंचवीस लिटरला अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) चुरडून टाकली की काही मिनिटांत काम होतं. उकळून क्लोरीन उडतं, क्लोरामाइन (त्याचाच जास्त टिकणारा प्रकार) सहजासहजी जात नाही.

बाकी ब्राऊन एल पाण्याच्या बाबतीत समजूतदार आहे. भाजलेला माल्ट आम्लधर्मी असल्यानं थोडं जड पाणी तो सांभाळून घेतो. मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ मध्ये असावा. पाणी अगदीच मऊ असेल तर मॅशमध्ये ४-५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. क्लोराइडनं माल्टची चव भरते. जिप्समचा सल्फेट हॉप्सचा कडवटपणा धारदार करतो, तो इंग्लंडमधल्या बर्टन गावाच्या पेल एलला शोभतो, इथे नको.

अमेरिकन हॉप्स घातले तर?

मग ती अमेरिकन ब्राऊन एल. चांगली असते, पण हे पान तिचं नाही.

कोणतं यीस्ट घ्यावं?

सेफेल एस-०४ सरळ आणि खात्रीचं. फळांचा हलका वास देतं आणि काम संपलं की तळाशी घट्ट बसतं, त्यामुळे बिअर लवकर निवळते. नॉटिंगहॅम जास्त साखर खातं, बिअर कोरडी आणि साफ निघते, मात्र थोडं व्यक्तिमत्त्व हरवतं. विंडसर माल्टोट्रायोज नावाची साखर खात नाही, म्हणून घनता वरच अडते. गोडसर बिअर आवडत असेल तर तेही चालेल, पण मग मॅश ६५ वर आणा.

यीस्टच्या जातीपेक्षा तापमान महत्त्वाचं. वर्ट २० अंशांच्या खाली आल्याशिवाय यीस्ट टाकू नका. आंबताना बिअर स्वतःही तापते, आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त असतं, म्हणून थर्मामीटर भिंतीवर नको, फर्मेंटरला चिकटवा. पहिले तीन दिवस १८ ते २० अंश राखा. चवीचं बरं-वाईट याच तीन दिवसांत ठरतं. पुढे २१-२२ वर गेलं तर हरकत नाही, उलट यीस्ट स्वतःच मागे ठेवलेलं डायअसिटिल (लोण्यासारख्या वासाचं द्रव्य) साफ करून टाकतं. थंडावा मिळवायला फर्मेंटर पाण्याच्या टबात उभा करा, त्यावर ओला टॉवेल टाका आणि पंखा लावा. खोली तिशीत असेल तर सकाळ-संध्याकाळ टबात बर्फाच्या बाटल्या बदलाव्या लागतील.

एअरलॉकचे बुडबुडे थांबले. झालं का?

सांगता येत नाही. झाकण सैल असेल तर वायू तिथूनही जातो. हायड्रोमीटर लावा. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आकडा आला की झालं. साधारण दहा ते चौदा दिवस धरा.

फर्मेंटर झोपायच्या खोलीत ठेवला तर चालेल?

लहान, बंद खोलीत नको. वीस लिटर ब्राऊन एल आंबताना साडेतीनशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्यातला बराचसा पहिल्या काही दिवसांत. हवा खेळती असली की प्रश्न नाही.

घरच्या बिअरमधून विषबाधा होते का? मिथेनॉलचं काय?

विषारी दारूच्या बातम्या वाचून ही भीती बसते, पण तिथे बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. जवाच्या माल्टपासून आंबवलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल धोक्याच्या जवळपासही जात नाही. वर्ट तासभर उकळलेला असतो, त्यात हॉप्स असतात, अल्कोहोल असतं आणि पीएच चारच्या आसपास उतरतो, त्यामुळे रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. बिघडलेली बिअर आंबट किंवा घाणेरडी लागते, ती ओतून द्या. ती भट्टीवर चढवून अर्क काढायचा विचारही नको. तो वेगळा धंदा, वेगळा धोका आणि वेगळा गुन्हा.

स्वच्छता किती पाळायची?

उकळीच्या आधी साधी धुतलेली भांडी पुरेत. उकळीनंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक हवी: फर्मेंटर, नळी, चमचा, हायड्रोमीटरची नळकांडी, तुमचा हातसुद्धा. नळाच्या तोटीच्या आत साका अडकतो, ती दर वेळी उघडून धुवा.

बाटलीत साखर किती घालावी?

या बिअरला फार फेस नको. दोन व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे लिटरभर बिअरमध्ये दोन लिटर वायू, पुरे. २० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये त्यातला ०.८५ च्या आसपास आधीच विरघळलेला असतो. उरलेल्यासाठी लिटरला ४.४ ग्रॅम साधी साखर लागते, म्हणजे वीस लिटरला ८८ ग्रॅम. बिअर कमीच भरली असेल तर तेवढ्या लिटरांचाच हिशोब करा.

साखर कपभर पाण्यात उकळून निववा, स्वच्छ डब्यात तळाशी ओता आणि त्यावर नळीनं बिअर शांतपणे सोडा. खळखळाट झाला की हवा मिसळते आणि महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव येते. चमचा-चमचा साखर प्रत्येक बाटलीत टाकायची पद्धत टाळा, कुठे फेसच नाही आणि कुठे कारंजं अशी गत होते.

बाटल्या फुटतात असं ऐकलं आहे.

फुटतात. आंबणं पुरं व्हायच्या आत भरल्या, साखर जास्त झाली किंवा जंगली यीस्ट शिरलं तर काच फुटून इजा होऊ शकते. पहिल्या खेपेला एक-दोन प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्याही भरा. बोटानं दाबल्या की आतला दाब कळतो. दगडासारख्या कडक झाल्या तर सगळ्या बाटल्या ताबडतोब फ्रीजमध्ये ठेवा आणि हाताळताना जाड हातमोजे आणि चष्मा घाला.

न्यूकॅसल तर पारदर्शक बाटलीत येते. मग आपण का नाही?

उजेडानं हॉप्समधली कडू द्रव्यं तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. अमेरिकेतल्या स्कंकच्या फवाऱ्याशी त्याच्या वासाची तुलना करतात, ती उगाच नाही. पारदर्शक बाटली उन्हात ठेवली तर थोड्याच वेळात हा वास येतो. तपकिरी काच ते बरंच थोपवते, हिरवी फारसं नाही. पारदर्शकच असतील तर खोक्यात बंद ठेवा.

कधी प्यायची आणि किती थंड?

बाटल्या दोन आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवा, मग आणखी दोन आठवडे थंड जागी. पहिल्या आठवड्यात हिरव्या सफरचंदासारखी चव लागली तर घाबरू नका, बहुधा जाते. लोण्याचा वास आला तर बाटल्या आठवडाभर पुन्हा उबेला ठेवा. अडीच-तीन महिन्यांत संपवा, ही मुरवून ठेवायची बिअर नव्हे. पिताना १० ते १३ अंश. बर्फगार केलीत तर टॉफी आणि बिस्किट दोन्ही गप्प होतात. ओतताना बाटली एकाच दमात तिरकी करा आणि तळातला साका मानेशी आला की थांबा.

तळाशी उरलेलं यीस्ट पुन्हा वापरता येतं का?

फर्मेंटरमधलं येतं. बिअर काढल्यावर उरलेल्या साक्यातला कपभर निर्जंतुक बरणीत घ्या, झाकण सैल ठेवा आणि फ्रीजमध्ये दोन आठवड्यांच्या आत वापरा. ज्या बिअरमध्ये कसलाही वावगा वास होता तिचा साका ठेवू नका. आणि आधी ब्राऊन एल, मग गडद पोर्टर असा क्रम धरा. उलट केलंत तर काळ्या साक्यातून रंग आणि भाजकेपणा पुढच्या घाण्यात उतरतो.